शून्य रुग्णांचं गाव

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात शेजारी शेजारी दोन गावं आहेत असं समजा. दोन्हींची वस्ती दोन-दोन हजार. सरकारी नोंदवहीत एका गावाच्या नावापुढे यंदा क्षयाचे रुग्ण लिहिलेत चार, दुसऱ्याच्या पुढे शून्य. मुलीसाठी स्थळ बघायचं झालं तर कुठल्या गावात बघाल?

बहुतेक जण शून्याकडे वळतील. मीही वळलो असतो. पण आधी एक साधा हिशोब करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२४ साली भारतात दर लाख माणसांमागे १८७ जणांना नव्याने क्षय झाला. दोन हजारांच्या गावाला ह्या दराने जवळजवळ चार रुग्ण वाट्याला येतात. म्हणजे चारवालं गाव देशाच्या सरासरीइतकंच आजारी आहे, आणि तिथे कुणीतरी शोधतंय. शून्यवाल्या गावात मात्र एक तर नशिबाने खरंच कुणी नाही, नाहीतर चार जण आपापल्या घरात खोकत बसलेत आणि कुणाला पत्ता नाही.

आमच्या भागात अजून बरीच घरं कौलारू आहेत. इथली माती विटा-कौलांना लागते तशीच, म्हणून भट्ट्याही पुष्कळ. कौलांखाली राहिलेल्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की गळतं तिथे कौल फुटलेलं नसतं. पाणी रीपेवरून, वाशावरून सरकत येतं आणि नेमकं अंथरुणावर टपकतं. आणि गळत नाही म्हणजे कौलं धड आहेत असंही नव्हे, कदाचित अजून पाऊसच लागलेला नसेल. म्हणून मे महिन्यात शिडी लावून वर चढायचं आणि कौल न् कौल हलवून बघायचं. शून्याचा अर्थ लावायचा तर कुणी शिडी लावली होती का, हे आधी विचारावं लागतं.

राखेखालचा निखारा

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख ह्यांनी बर्लिनमध्ये जाहीर केला तो २४ मार्च १८८२ रोजी. त्यानंतर पाच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, अमेरिकेत डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात ह्याच रोगाने गेल्या. वय एकवीस. शत्रूचं नाव कळलं होतं, पण हातात हत्यार नव्हतं. ते यायला १९४३ साल उजाडावं लागलं, स्ट्रेप्टोमायसिनच्या रूपाने.

जंतू पसरतो हवेतून. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकला, मोठ्याने बोलला की तोंडातून बारीक तुषार उडतात. मोठे थेंब जमिनीवर पडतात. बारीक तुषारांतलं पाणी उडून जातं आणि उरलेले सूक्ष्म कण बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. मोकळ्या हवेत ते विरतात, उन्हात जंतू मरतो. आता आमच्या तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस डोळ्यांपुढे आणा. जून ते सप्टेंबर खिडक्या बंद, चूल पेटलेली, सगळं घर एकाच खोलीत उबेला. जंतूला याहून काय हवं? ताट-वाटी वेगळी करणं, हात लावू न देणं ह्याने मात्र काडीचाही फायदा नाही. हा रोग भांड्यातून पसरत नाही. भांडी वेगळी करून खिडकी बंद ठेवणारी घरं मी पाहिली आहेत.

जंतू छातीत शिरला म्हणजे माणूस आजारी पडलाच, असं नाही. शरीरातल्या पेशी त्याच्याभोवती कडं करतात आणि त्याला कोंडून ठेवतात. तो मरत नाही, पडून राहतो, राखेखालच्या निखाऱ्यासारखा. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरच्या ३१ टक्के लोकांत असा संसर्ग आढळला. त्यांतल्या शंभरांपैकी पाच ते दहांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो, आणि त्याचा धोका संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत सगळ्यांत जास्त.

राख कशाने उडते? उपासमारीने, मधुमेहाने, एचआयव्हीने, दारूने, म्हातारपणाने. दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेल्याने. आणि तंबाखूने. ओढणाऱ्याला क्षयाचा धोका न ओढणाऱ्याच्या साधारण दुप्पट. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला निपाणीचा पट्टा आहे, तिथे तंबाखू हे पीक आणि विड्या वळणं हा बायकांचा पिढीजात रोजगार. ह्या पट्ट्यातली एक निराळीच अडचण अशी की खोकल्याला प्रत्येकाकडे कारण तयार असतं. विडी वळणारी म्हणते तंबाखूचा ठसका, भट्टीवरचा म्हणतो धुरळा, गुऱ्हाळावरचा म्हणतो धूर. खोकला खोकल्यात लपून जातो.

थुंकी नको, बेडका हवा

तपासायचं म्हणजे काय करायचं? झाकणाची प्लास्टिकची डबी हातात देऊन सांगतात, 'थुंकी आणा.' माणूस प्रामाणिकपणे कोपऱ्यात जातो आणि थुंकतो. डबीत येते पातळ, फेसाळ लाळ. तिच्यात जंतू सापडायची शक्यता फार कमी, कारण जंतू तोंडात नसतो, छातीत असतो. हवा असतो बेडका. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा, पोटातून जोर लावून खाकरायचं आणि जे घट्ट, चिकट, पिवळसर येईल ते डबीत धरायचं. एवढा एक शब्द बदलला तरी तपासणीचा निकाल बदलू शकतो. सीमाभागात तर कागद कानडीत, रुग्ण मराठी आणि समजावणारा घाईत. म्हणून ज्या आशाताई स्वतः खाकरून दाखवतात त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

पुढचं काम शंभराहून अधिक वर्षं सूक्ष्मदर्शकाने केलं. क्षयाच्या जंतूच्या अंगावर मेणासारखं स्निग्ध आवरण असतं. झिलईच्या बरणीवर पाणी ओतलं तर ओघळून जातं, साधा माठ मात्र पाणी पितो. इतर जंतू माठासारखे, हा बरणीसारखा. साधा रंग त्याला लागतच नाही. म्हणून काचेवर बेडक्याचा पातळ थर देऊन त्यावर लाल रंग घालतात आणि खालून ऊब देतात. मेण सैलावतं, रंग आत शिरतो, थंड झाल्यावर आतच अडकतो. मग वरून आम्ल ओततात. बाकी सगळ्यांचा रंग धुऊन जातो, ह्याचा जात नाही. शेवटी निळा रंग दिला की निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसतात.

पद्धत स्वस्त आणि देखणी, पण नजर अधू. एका मिलिलिटर बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू असले तरच त्या काड्या नजरेला पडतात. जंतू वाढवून बघावं तर तो कमालीचा आळशी. आतड्यातले काही जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात, हा पंधरा ते वीस तास घेतो. त्याचं पीक डोळ्यांना दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर रुग्ण थांबत नाही.

ह्या अडचणीवरचा नवा तोडगा आमच्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी मिळून काढला. ट्रूनॅट हे यंत्र बंगळूरच्या बिगटेक ह्या प्रयोगशाळेत घडलं आणि गोव्याच्या मोलबायो कंपनीने ते बाजारात आणलं. मधे आम्ही. यंत्र जंतू बघत नाही, त्याच्या जनुकाचा एक ठरावीक तुकडा शोधतं. तो सापडला की त्याच्या नकला काढतं: एकाचे दोन, दोनाचे चार. अशा तीस फेऱ्या झाल्या की एका तुकड्याचे शंभर कोटींवर तुकडे होतात आणि मग ते ओळखणं सोपं. मिलिलिटरमागे शे-दोनशे जंतूही पुरतात. तासाभरात उत्तर येतं, आणखी तासाभरात रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध त्या जंतूला लागू पडेल की नाही तेही कळतं. यंत्र बॅटरीवर चालतं. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कशी असते हे ज्याला माहीत आहे त्याला ह्या शेवटच्या वाक्याचं मोल कळेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ह्या यंत्राची शिफारस केली.

तरीही एक फट राहतेच. मघाच्या राष्ट्रीय पाहणीत सापडलेल्या रुग्णांपैकी ४२ टक्क्यांहून अधिक असे होते, की छातीचा एक्स-रे काढला नसता तर ते निसटलेच असते. त्यांना सांगण्याजोगा त्रासच होत नव्हता. म्हणून आता हातात धरता येईल एवढी एक्स-रे यंत्रं गावोगाव फिरवतात.

तुमकूरची बाटली

आमच्या आजोबांच्या पिढीत क्षय म्हटलं की 'मिरजेला नेलं' हे वाक्य पाठोपाठ यायचं. मिरजेजवळच्या वानलेसवाडीत क्षयाचं आरोग्यधाम होतं. उपचार म्हणजे मोकळी हवा, विश्रांती, सकस अन्न आणि वाट बघणं. गोळ्या आल्यावर प्रश्न उभा राहिला, की लाखो रुग्णांना पुरतील एवढ्या खाटा आणायच्या कुठून? १९५६ साली मद्रासमध्ये एक धीट प्रयोग सुरू झाला. १९३ रुग्णांपैकी निम्म्यांना आरोग्यधामात ठेवलं, निम्म्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच गोळ्या दिल्या. १९५९ ला निकाल आला. घरचे रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्यांना संसर्गही जास्त झालेला नव्हता. गोळ्या सुरू झाल्या की रुग्ण लवकरच इतरांना फारसा धोकादायक राहत नाही. खाटांचा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

त्याच सुमारास दुसरा एक समज मोडला. क्षय म्हणजे गिरण्यांचा, चाळींचा, शहराचा रोग असं मानत. १९५५ ते १९५८ च्या देशव्यापी पाहणीत खेड्यांतही तो शहराइतकाच निघाला. मग १९५९ साली बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था उभी राहिली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक झालेले हाफडान मालर तेव्हा तिथे काम करत होते. ह्या संस्थेतल्या देबबार बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन ह्या जोडीने तुमकूर जिल्ह्यात जो अभ्यास केला, तो माझ्या मते ह्या सगळ्या कथेतला सर्वांत महत्त्वाचा. १९६३ साली तो छापून आला.

प्रश्न साधा होता. खेड्यातल्या क्षयरुग्णाला आपण आजारी आहोत हे कळतं का, आणि कळलं तर तो काय करतो? साहेबी समजूत अशी, की खेडूत अडाणी, देवऋष्याकडे जातो, त्याला शोधायला गाड्या पाठवाव्या लागतील. प्रत्यक्षात दिसलं असं, की बहुतेकांना लक्षणं जाणवत होती, आणि निम्म्याहून अधिक रुग्ण आपल्या पायांनी दवाखान्यात जाऊन आले होते. तिथे त्यांना काय मिळालं? खोकल्याच्या औषधाची बाटली. बेडका कुणी मागितलाच नव्हता.

अभ्यास छापून येण्याआधीच त्यातून धोरण ठरलं, की क्षयासाठी वेगळी फौज नको. माणूस खोकल्यासाठी जिथे येतो त्या साध्या सरकारी दवाखान्यातच बेडका तपासला गेला पाहिजे. १९६२ चा राष्ट्रीय कार्यक्रम ह्याच विचारावर उभा राहिला. बाटली मात्र अजून गेलेली नाही, तिने फक्त पत्ता बदलला. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी तीन महिने औषधाच्या दुकानातून पातळ औषध नेलं, दर वेळी नवीन रंगाचं. मघाच्या २०१९ ते २०२१ च्या पाहणीत तर लक्षणं असलेले ६४ टक्के लोक कुठेच गेलेले नव्हते, आणि त्यांतल्या बहुतेकांनी कारण दिलं की दुखण्याकडे लक्षच दिलं नाही. सुगी चालू असेल तर कोण देणार?

---
चौकट: तपासणी कधी, कशी

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं, बेडक्यातून रक्त: ह्यांपैकी एकही असेल तर बेडका तपासून घ्यावा. घरात कुणाला क्षय झाला असेल तर दोन आठवड्यांचीही वाट बघू नये. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं फुकट. निक्षय मदतवाहिनी: १८००-११-६६६६. लहानपणी टोचलेली बीसीजी बाळांना मेंदूच्या क्षयापासून वाचवते, मोठेपणी तिच्यावर विसंबू नये.
---

भांगलण अर्ध्यावर सोडली तर

सहा महिने गोळ्या कशासाठी? पहिल्या दोन महिन्यांत चार औषधं, पुढचे चार महिने तीन, वजनाप्रमाणे रोज. गोळ्या सुरू झाल्यावर लघवी केशरी होते, तिने घाबरून जाऊ नये, तो रिफॅम्पिसिनचा रंग आहे. महिन्याभरात खोकला थांबतो, भूक लागते, अंगावर मांस चढतं. आणि नेमकं तिथेच माणूस गोळ्या सोडतो.

भाताच्या शेतात भांगलण केलेल्याला कारण सांगावं लागणार नाही. पहिल्या हाताला वरचं तण निघतं आणि शेत स्वच्छ दिसतं. पण लव्हाळ्याच्या गाठी मातीत असतात. झपाट्याने वाढणारे जंतू म्हणजे वरचं तण, ते पहिल्या काही आठवड्यांत मरतात. काही जंतू मात्र जवळजवळ झोपलेले असतात. औषध मारतं ते वाढणाऱ्याला, आणि झोपलेला वाढत नाही. तो कधीमधी जागा होईल तेव्हा अंगात औषध असलं पाहिजे. पुढचे चार महिने ही राखण चालते.

एकाऐवजी चार औषधं का, ह्याचंही गणित आहे. साधारण दहा लाख जंतूंमागे एखादा जन्मतःच आयसोनियाझिड ह्या औषधाला दाद न देणारा निघतो, आणि दहा कोटींमागे एखादा रिफॅम्पिसिनला. रुग्णाच्या फुप्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज असतात. एकच औषध दिलं तर तो चिवट एकटा उरतो आणि त्याचीच प्रजा वाढते. दोन्हींना दाद न देणारा एकच जंतू सापडायला मात्र एकावर चौदा शून्यं एवढे जंतू लागतील, तेवढे छातीत मावत नाहीत. गोळ्या आज घेतल्या, उद्या विसरल्या असं चाललं की हे गणित कोसळतं आणि औषधांना न जुमानणारा क्षय तयार होतो. तो मग त्याच चिवट रूपात शेजाऱ्याला लागतो.

आमच्या तालुक्यात विसरण्यापेक्षा मोठं कारण वेगळं आहे. पोरं कामाला गोव्यात. चोर्ला घाटाने किंवा लोंढ्याहून गाडीने उतरायचं, सणाला वर यायचं. इकडे सुरू झालेली औषधं तिकडे कोण देणार? २०१२ पासून निक्षय नावाच्या संगणकीय नोंदवहीत प्रत्येक रुग्णाला क्रमांक मिळतो, आणि त्याच वर्षी खाजगी डॉक्टरांनाही क्षयरुग्ण कळवणं सक्तीचं झालं. क्रमांक सांगितला तर मडगावातही पुढच्या गोळ्या मिळू शकतात. अडतं एवढ्यावर, की पोरगं तिथे क्रमांक सांगत नाही. सांगितला तर खोली जाईल, काम जाईल अशी भीती.

तांदूळ-डाळीचं औषध

मंगळूरच्या येनेपोया वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ ते २०२२ ह्या काळात झारखंडमध्ये एक प्रयोग केला. सगळ्या रुग्णांना शिधा दिला, पण निम्म्या गटात त्यांच्या घरच्यांनाही दिला: माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. घरच्यांनाही शिधा मिळाला त्या घरांत नव्याने क्षय होणाऱ्यांचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी निघालं. निखाऱ्यावरची राख जागची हलू न देणारं औषध म्हणून डाळ-भात! सरकार रुग्णाला पोषणासाठी २०१८ पासून महिन्याला पाचशे रुपये देत होतं, नोव्हेंबर २०२४ पासून हजार देतं. घरातल्या बाकीच्यांचं ताट अजून फारसं कुणी मोजत नाही.

पुतळा कुणाला?

आता परत आपल्या दोन गावांकडे. २०२३ पासून 'टीबीमुक्त पंचायत' ही योजना आहे. पात्र ठरलेल्या पंचायतीला पहिल्या वर्षी गांधीजींचा ब्राँझरंगी पुतळा, दुसऱ्या वर्षी रुपेरी, तिसऱ्या वर्षी सोनेरी. अटी बऱ्याच आहेत, पण कळीच्या दोन. वर्षाला दर हजारी किमान तीस संशयितांची तपासणी, आणि रुग्ण दर हजारी एकाहून जास्त नकोत.

पहिली अट मला फार शहाणपणाची वाटते. शिडी लावली होती का, हे ती आकड्यात विचारते. गाव दोन हजारांचं असेल तर साठ तपासण्या दाखवा, मग शून्य बोला. दुसरीबद्दल मात्र मला शंका आहे. मन लावून शोधणाऱ्या गावाला चार रुग्ण सापडले तर ते पुतळ्याला मुकतं. पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या टेबलावर तिसरा रुग्ण कागदावर घ्यावा की नाही, असा मोह उभा राहतो.

छोट्या वाड्यांचा तर हिशोबच निराळा. भीमगडच्या जंगलात आमगाव, गवाळी अशी गावं आहेत, पावसाळ्यात त्यांचा रस्ता तुटतो. पाचशे वस्तीच्या वाडीत देशाच्या सरासरी दराने वर्षाला एकच रुग्ण अपेक्षित. अशा वाडीत पाचांतली दोन वर्षं निव्वळ योगायोगाने शून्याची जातात. दोन हजारांच्या गावात तसा योग चाळीसएक वर्षांतून एकदा. म्हणजे वाडीचं एका वर्षाचं शून्य बघून निःश्वास टाकू नये आणि एक रुग्ण निघाला म्हणून वाडीला नावंही ठेवू नयेत. पाच-सहा वर्षांची बेरीज घ्यावी.

देशाची बेरीज सांगायची तर २०१५ साली लाखामागे २३७ असलेला दर २०२४ ला १८७ वर आला, म्हणजे २१ टक्के घट. २०२५ पर्यंत ८० टक्के घटवायचं जाहीर झालं होतं.

पण साठ तपासण्या झाल्या तरी त्या साठ डब्यांत काय आहे? सकाळी साडेदहाच्या सुमारास तालुक्याच्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी थोडा वेळ उभं राहा. तंत्रज्ञ एकेक डबी उजेडाकडे धरून तिरकी करते. काहींतला ऐवज भिंतीला चिकटून हळूहळू सरकतो, त्या डब्या ती आत ठेवते. एकीत पाण्यासारखं काहीतरी हिंदकळतं. ती झाकण घट्ट करून ती डबी बाजूला ठेवते, खिडकीतून नवी कोरी डबी पुढे करते आणि कानडी हेलात सांगते, "मावशी, ही थुंकी झाली. उद्या सकाळी चूळ भरून परत आणा बघू."